आठव्या दिवाळीचा आकडा

१

आकडा खोटा होता. मोबाईल हातात घेतल्याबरोबर मला ते कळलं आणि तोंडातला लाडू तोंडातच फिरायला लागला.

"पाहा ना बाई," धनीबाई खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाली, "तुटते का नाई तुटत ते सांगा, म्हंजे मी मोकळी."

दर दिवाळीचा हा आमचा ठरलेला कार्यक्रम. धनीबाई राठोड म्हणजे माझ्या इंद्रजीतची आई. 'माझ्या' म्हणते, कारण दिग्रसच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून मला खरा विद्यार्थी असा तो एकच मिळाला. बाकीची नुसती पास होणारी पोरं. शिकून तो हैदराबादला नोकरीला लागला. आईला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून जाताना तो तिला म्हणाला, "याडी, दर दिवाळीला तुझ्या मोबाईलवर एक आकडा धाडीन. तो कोणाच्याने तुटायचा नाही. गावंडेबाईकडून तपासून घेत जा." त्यांच्या बंजारा तांड्यावर आईला याडी म्हणतात.

न तुटणारा आकडा म्हणजे मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, एवढे सोडले तर तिला कशानेच भाग जात नाही. धनीबाईला त्याने ते लाडवांवरून समजावलं होतं. इतके लाडू घे, मग दोन पोरांत वाट, सात पोरांत वाट, नाहीतर शंभरांत वाट, सारखे वाटे पडतच नाहीत, काहीतरी उरतंच. तिला ते फार आवडलं होतं.

पहिल्या दिवाळीला आला ३१. दुसऱ्या दिवाळीला ३३१. मग ३३३१. दर साली एक तीन वाढायचा आणि शेवटी एकटा एक. धनीबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण आकड्याची ही रांग ती लांबून ओळखायची. तांड्यावरून एसटीने यायची, लाडूचा डबा ठेवायची आणि विचारायची, तुटते का? मी म्हणायची, नाही तुटत. की निघाली खुशीत. सात दिवाळ्या असंच चाललं.

औंदा आठवी. पडद्यावर होतं ३३३३३३३३१.

"लांबला ना?" ती म्हणाली. पण आवाजात दरवर्षीची खुशी नव्हती. "मले एक सांगा बाई. गेल्या दिवाळीले तो मले म्हणे, पुढच्या साली आकडा नाई धाडत, मीच येतो. मंग हा आकडा काहून आला? अन् माहा पोरगा काहून नाई आला?"

माझ्या घराच्या पायऱ्या चढून आल्याला बराच वेळ झाला होता, तरी तिची धाप थांबत नव्हती. ओठ काळेनिळे पडले होते. श्रावणात तिला नागपूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं, आणि हृदयाची झडप बदलायची म्हणून डॉक्टर तेव्हापासून मागे लागले होते.

"कधी आहे ऑपरेशन?" मी विचारलं.

"इंद्र आला का मंग. त्याचं तोंड पाह्यल्याबिगर मी त्या टेबलावर जाईन नाई. डॉक्टरले तसंच सांगतलं." मग मोबाईलकडे बोट करून म्हणाली, "सांगा ना. तुटते का?"

"मोठा आकडा आहे, तपासायला वेळ लागते," मी म्हटलं. सपशेल खोटं. धनीबाईने माझ्याकडे नीट पाहिलं, मोबाईल पदरात गुंडाळला आणि आठ दिवसांनी येईन म्हणून निघून गेली.

वेळ कशाला लागतोय! हा आकडा मीच वर्गात फळ्यावर लिहायची. तिनाला तीन जोडत जा, शेवटी एक. सातदा मूळ संख्या येते. आठव्यांदा काय येईल रे, म्हटलं की सगळा वर्ग ओरडायचा, मूळ! इंद्रजीत तेवढा गप्प बसला होता. मधल्या सुट्टीत डबा न खाता तो व्हरांड्याच्या फरशीवर खडूने भागाकार मांडत राहिला. सातने नाही, अकराने नाही, तेराने नाही. सतराने गेला. "बाई, तुटला!" म्हणून धावत आला आणि रडायलाच लागला. मी म्हटलं होतं, रडतो कायले, हेच तर शिकायचं होतं. सातदा खरं ठरलं म्हणून आठव्यांदा ठरते असं कुठं लिहून ठेवलं आहे?

म्हणून तर तो आठव्या दिवाळीला आकडा न पाठवता स्वतः येणार होता. सतरा गुणिले एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस. हा आकडा तो झोपेतसुद्धा आपल्या आईला पाठवणार नाही. मोबाईल इंद्रजीतचा होता, बोटं दुसऱ्याच कोणाची तरी होती.

२

पोलिसांत जाऊन सांगू काय? आकड्याला सतराने भाग जातो, गुन्हा नोंदवा? हाकललं असतं मला. मी इंद्रजीतला फोन लावला. घंटी गेली, कट झाली आणि लगेच मेसेज आला: "कामात आहे बाई, मागून बोलतो."

मागून कोणी बोललं नाही.

हैदराबादला इंद्रजीतच्या खोलीवर राजदीप नावाचा यवतमाळचा पोरगा राहायचा, एकदा त्याच्याबरोबर माझ्या घरीही येऊन गेलेला. अलीकडे तो नोकरी सोडून परत आला आणि लोहाऱ्याच्या एमआयडीसीत लागला, एवढं मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी धरली, यवतमाळ बसस्टॅंडवरून ऑटो केला आणि विचारत विचारत त्याच्या घरासमोर उतरले. राजदीप दारातच होता. मला पाहून त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"या ना बाई. इकडे कशा काय?"

"इंद्रजीत कुठं आहे?"

"तिकडंच असन ना. हैदराबादले."

"तू कधी बोलला त्याच्याशी?"

"आता... लय दिवस झाले. मी इकडे आलो, तो तिकडं. कामात राह्यते माणूस."

त्याच्या बायकोने पाणी आणलं. मी गिलास तोंडाला लावला आणि हात थांबला. अंगणात पत्र्याखाली एक मोटारसायकल उभी होती आणि तिच्या सीटवर लाल कापडाचं कव्हर होतं. चारही काठांना आरसे लावलेले, मधे पिवळ्या-निळ्या धाग्याची भरगच्च टीप. तसलं काम बाजारात मिळत नाही. ते धनीबाईने पोराच्या पहिल्या गाडीसाठी महिनाभर डोळे फोडून केलं होतं. त्यावर पाणी पडू नये म्हणून इंद्रजीत पावसात गाडी बाहेर काढत नसे, इतका वेडा.

"ही गाडी तुझ्याकडे कशी?"

"त्यानंच देल्ली."

"कव्हरासकट?"

राजदीप खाली पाहायला लागला.

"अरे, त्याने एक वेळ किडनी दिली असती, हे कव्हर दिलं नसतं! काय केलं तुम्ही माझ्या पोराचं?" माझा आवाज चढला. शेजारची बाई कठड्यावरून डोकावली.

राजदीपच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, तुमच्या पाया पडतो. मले काई इचारू नका. म्या शपथ घेतली हाय." आणि तो घरात गेला. बायकोने दार लावून घेतलं.

गुन्हेगार असा रडत नाही, हे मला परतीच्या एसटीत बसल्यावर सुचलं. गाडी लपवायचीच असती तर विकली असती. कव्हर काढून फेकलं असतं. यांनी तर ती जपून ठेवली होती, फक्त दिग्रसपासून लांब. मग ती कोणाच्या नजरेला पडायला नको होती? माझ्या? मी कोण लागून गेले! नजरेला पडली तर ज्या बाईने एका नजरेत ओळखली असती, अशी एकच होती.

३

तांड्यावर पोचले तेव्हा धनीबाई अंगणात बाजेवर बसून कापसातली पत्ती वेचत होती. नवरा शंकरसिंग जवळच दोर वळत होता. धाकटा बादल, त्याची दिग्रसला मोबाईल दुरुस्तीची टपरी आहे, तो गाडीला किक मारायच्या बेतात होता. मला पाहून थांबला. त्याची बायको संगीता चहा ठेवायला आत गेली.

"तपासला का आकडा?" धनीबाईने आधी तेच विचारलं.

"चालू आहे," मी म्हटलं. "बादल, इंद्रजीतशी कधी बोलणं झालं तुझं?"

"नाई बाई, आमचं काई बोलणंच नाई होत," तो पटकन म्हणाला. "त्याले टाइम नसते. याडीलेच मेसेज करते तो."

"हो ना," धनीबाई म्हणाली. "फोन केला त उचलत नाई, पण मेसेज बराबर करते. संगीता वाचून दाखवते मले. अवो संगीता, परवाचा वाचून दाखव बाईले."

संगीता पदराला हात पुसत आली. मोबाईल हातात घेऊन ती थोडी अडखळली, मग वाचलं: "याडी, ती नवी लाल गोळी उपाशीपोटी घेत जाऊ नको. त्यानेच तुला मोरीत चक्कर आली. जेवल्यावर घे."

"पाहा!" धनीबाई म्हणाली. "मले चक्कर आली हे म्या कोणालेच सांगू देल्लं नाई. त्याले तिकडं बसून समजलं. पोटचा हाय ना."

शंकरसिंगाचा दोर हातातच थांबला. बादल उगाचच गाडीचा आरसा पुसायला लागला. मी चहा घेतला, पण तो गोड होता की कडू ते मला आता आठवत नाही.

संगीता आत गेली, शंकरसिंगही उठून बादलच्या गाडीपाशी गेला, तशी धनीबाई माझ्याकडे सरकली आणि नवऱ्याकडे खूण करत हळूच म्हणाली, "एक गोष्ट सांगतो बाई, कोणाजवळ बोलू नका. दिवाळीत आमच्याकडे निखाऱ्यावर तूप-लापशी टाकून गेलेल्यायची नावं घेतेत. घरचा मोठा माणूस टाकते. ह्याचा बा, ह्याची माय, मोठा भाऊ, माही नणंद. मी दर साली जवळ बसतो, मले सारी नावं पाठ हायेत. औंदा साऱ्यायचं झाल्यावर ह्यानं आखीन एक घास टाकला. नाव नाई घेतलं."

"तुम्ही विचारलं नाही?"

"इचारलं ना. कोणाचा म्हटलं हा? त म्हणे, धूर डोळ्यात गेला." तिने कापसातली एक पत्ती वेचून फेकली. "बाई, आकडा लवकर तपासा."

आता तपासायचं काही उरलंच नव्हतं.

४

मी बादलला म्हटलं, चल मला फाट्यापर्यंत सोड. शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच्या बाभळीजवळ गाडी थांबवायला लावली. मागून शंकरसिंगही लगबगीने चालत आला. आपलं बिंग फुटलं हे त्या म्हाताऱ्याला दिसलं असावं.

"बस रे इथं," मी बादलला म्हटलं. "मी बोलते, चुकलं तिथं थांबव. इंद्रजीतचा मोबाईल तुझ्याकडे आहे."

"नाई बाई, कायले—"

"तुझ्या आईला मोरीत चक्कर आली हे घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं. तू म्हणतो तुझं त्याच्याशी बोलणं होत नाही. मग हैदराबादला कोणी सांगितलं? लिहिणारा याच घरात राहतो. तुझ्या बापाला लिहिता येत नाही. संगीताचा विचार केला तर ती वाचतानाच अडखळत होती; स्वतः लिहिलेलं माणूस असं चाचपडत वाचत नाही. राहिला तू."

बादल धुऱ्यावर बसला.

"दिवाळी आली तशी तू घाबरला. आकडा नाही गेला तर आई विचारेल. जुने सात आकडे मोबाईलमध्ये होतेच. दर साली एक तीन वाढतो, मग तूही एक वाढवला. सातदा जमलं, आठव्यांदा का नाही जमणार? माझ्या वर्गात सगळी पोरं हेच ओरडायची, तूही ओरडलाच असशील. पण तुझ्या भावाला ठाऊक होतं की आठवा तुटतो. म्हणून तर तो येणार होता."

"तुटते?" बादल एवढंच म्हणाला. त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

"तो जिवंत असता तर तुम्हाला लपवायचं काय होतं? भांडून गेला असता, जेलात असता, तरी तुझ्या बापाने त्याचा घास निखाऱ्यावर टाकला नसता. तो घास जित्या माणसाचा कोणी टाकत नाही. आणि ती गाडी तू राजदीपकडे ठेवली, कारण ते कव्हर आईला दिसलं असतं तर तिने विचारलं असतं, गाडी इथं आहे त पोरगा कुठं आहे?" मी त्याचा खांदा धरला. "कधी गेला रे?"

उत्तर शंकरसिंगाने दिलं. तो धुऱ्यावर उकिडवा बसला होता.

"सावनात. डेंगू झालता. धनी नागपूरले दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणे, हिले जरा बी धक्का नाई पाह्यजे. मी वार्डाच्या बाहेर बाकड्यावर बसलो होतो, तवा बादलचा फोन आला. आत गेलो त ती म्हणे, कोणाचा फोन होता? मी म्हटलं, इंद्राचा. बरा हाय म्हणे. बाई, माह्या तोंडातून निघालं ते. मंग वापस घेताच नाई आलं."

असा हा खून नाही, चोरी नाही, कट नाही. घरच्यांनी आणि एका मित्राने मिळून एका बाईला जगवायला केलेला खोटेपणा. मी कोणावर चिडायचं? तरी चिडले. "अरे, ती त्याची वाट पाहत ऑपरेशन टाळून राहिली! तुम्ही तिला वाचवायला निघाले, आणि तुमच्या मेसेजनेच ती मरेल!"

"म्हणून त म्हणतो बाई," बादलने माझे पाय धरले. "तुमी सांगा, आकडा नाई तुटत. तुमच्यावर तिचा इश्वास हाय. मी मेसेज करतो का ऑपरेशन झाल्यावर येतो. येवढी एक डाव खोटं बोला. मंग आमी सांगू."

खरं सांगते, मला मोह झाला. दोन शब्द तर बोलायचे होते. टेबलावरून उठली की पाहू पुढचं पुढे. पण ती उठून पहिलं काय विचारणार? आणि न उठली तर? तोंड पाह्यल्याबिगर जाणार नाही म्हणणारी बाई मेसेजने ऐकेल, हेही बादलचंच गणित. तसंच एक तीन वाढवल्यासारखं.

मी तिथूनच बादलकडून नंबर घेऊन नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, सांगायला हवं. वाट पाहणं तिच्या जिवाला जास्त वाईट आहे. गोळी जवळ ठेवा, गाडी तयार ठेवा, एकटं सोडू नका. बादलने मित्राची जीप बोलावली आणि फोनवरून संगीताला गोळी काढून ठेवायला सांगितलं.

५

धनीबाईने आम्हाला तिघांना परत येताना पाहिलं. हातातला कापूस खाली ठेवला. संगीता दारात उभी होती, मुठीत गोळी घेऊन.

मी बाजेवर तिच्याजवळ बसले. जन्मभर पोरांना उत्तरं दिली, पण असं उत्तर कधी दिलं नव्हतं.

"धनीबाई, आकडा तुटते."

"कायनं?"

"सतराने."

तिने मान हलवली, दूधवाल्याचा हिशेब ऐकावा तशी. "मंग तो माह्या इंद्राचा नाई."

"नाही."

"माहा इंद्र नाई." आता ती विचारत नव्हती.

मी तिचा हात धरला. तो थंडगार होता. ती म्हणाली, "मले म्हाईत होतं का नव्हतं, मलेच समजत नव्हतं बाई. हे साऱ्या घरचे माह्याकडे पाहत नव्हते. म्हणून त तुमच्याकडे आलतो." मग नवऱ्याकडे वळली. "काय झालतं त्याले?"

"डेंगू," शंकरसिंग म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"बादल, इकडे ये. तो गेला तवा त्याच्यापाशी कोण होतं? एकटा होता का तो?"

मला उत्तर ठाऊक होतं. येताना रस्त्यात बादलने सांगितलं होतं. राजदीप रक्ताच्या पिशवीसाठी धावत होता. बादलची बस पोचायची होती. इंद्रजीतजवळ कोणी नव्हतं.

"नाई याडी," बादल म्हणाला. "मी होतो. मी त्याचा हात..." आणि थांबला. आईच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला पुढचं बोलता येईना. "नाई याडी. मी पोचलो तवा तो गेलता. एकटाच होता."

धनीबाईच्या घशातून एक आवाज निघाला. संगीता धावली. पण तिने हात वर करून तिला थांबवलं.

"अग्नी कोणं देल्ला?"

"म्या."

"संगं आपल्यातलं कोण होतं?"

"कोणीच नाई. बा तुह्यापाशी होता. राजदीप होता, पण तो बाहेर उभा राह्यला. त्याच्यानं पाहवलं नाई."

"मंग घरी येऊन माह्यापाशी बसत होता तू. मले गोळ्या देत होता. तवा रडला कुठं रे?"

टपरीवर बसून भावाच्या मोबाईलवर आईला मेसेज लिहिणारा तो दांडगा माणूस मान खाली घालून उभा राहिला.

"म्हंजे एकटा तूच होता," धनीबाई म्हणाली. "तो त सुटला. तवापासून एकटा तूच हायेस."

तिने त्याचं मनगट धरून खाली ओढलं. तो गुडघ्यावर कोसळला आणि तिच्या मांडीत तोंड खुपसून लहान लेकरासारखा ओरडून रडायला लागला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत आपल्या बंजारी गोरबोलीत काहीतरी म्हणत होती; मला त्यातला 'बेटा' तेवढा कळला. तिचे स्वतःचे डोळे वाहत होते, ते तिने पुसले नाहीत.

जीपचा ड्रायव्हर फाटकाशी येऊन विचारायला लागला, निघायचं का म्हणून. संगीताने गोळी आणि पाण्याचा गिलास पुढे केला. धनीबाईने गोळी गिळली आणि माझ्याकडे पाहिलं.

"त्याले सांगा बाई, उद्या सकाळी ये. उद्या मी जाईन दवाखान्यात. आज ह्याले रडू द्या."